रिमॅप केलेली पिकअप घाटात वारंवार लिंप मोडला जाते? टर्बो बदलण्याआधी हे तपासा

कुंभार्ली घाट, चिपळूणकडून वर. तिसरा गिअर, २,२०० आरपीएम, मागे हौद्यात तीनशे-चारशे किलो सामान. गाडी मस्त ओढत असते आणि एका वळणानंतर तिचा दमच जातो. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी आरपीएम वर सरकत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो, मागचा ट्रक हॉर्न मारायला लागतो. कडेला घेऊन चावी बंद केली, दोन मिनिटांनी पुन्हा चालू केली की गाडी ठणठणीत. गावात, हायवेला, रिकाम्या गाडीला काही म्हणजे काही होत नाही. पुढच्या घाटात पुन्हा तेच.

इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स आणि याच धाटणीच्या डिझेल पिकअपमध्ये रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं), मोठे टायर, स्नॉर्कल (छपराच्या उंचीवरून हवा घेणारा पाइप), स्टीलचा बंपर असं काम झालं की ही तक्रार हमखास ऐकू येते. आणि गॅरेजमधला ठरलेला क्रमही तसाच: स्कॅनर लावला, पी०२९९ (हवेचा दाब कमी) हा कोड आला, कोड उडवला, गाडी परत दिली. तिसऱ्या फेरीला ‘टर्बो गेला’ म्हणून निकाल. नवा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बसतो, पैसे जातात आणि पुढच्या घाटात दिवा पुन्हा लागतो, कारण दोष टर्बोत नव्हताच. तो बहुतेक वेळा टर्बो आणि इंजिन यांच्यामधल्या पाइपात, क्लॅम्पमध्ये किंवा एखाद्या कडक झालेल्या व्हॅक्यूम नळीत असतो.

लिंप मोड म्हणजे नेमकं काय

ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, प्रत्येक क्षणी ठरवतो की मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) इतकी हवा हवी. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर सांगतो की प्रत्यक्षात इतकी आहे. हा फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आणि काही सेकंद सलग राहिला की ईसीयू डिझेल कापतो आणि टर्बोला विश्रांती देतो. हाच लिंप मोड. चावी बंद केल्यावर ते संरक्षण उठतं, म्हणून गाडी ‘बरी’ होते. दोष तिथेच असतो.

रिमॅपने नेमकं इथेच गणित बदलतं. कंपनीच्या मॅपमध्ये (ईसीयूच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) इंजिन जितकी हवा मागतं, त्यापेक्षा रिमॅप २० ते ३० किलोपास्कल जास्त मागतो. कंपनीच्या दाबाला न गळणारा होज त्या वाढीव दाबाला गळतो. सपाट रस्त्यावर पूर्ण लोड पाच-सात सेकंदांच्या वर टिकतच नाही, म्हणून तिथे कोड येत नाही. घाटात तो मिनिटभर टिकतो.

मोठ्या टायरचाही यात हात असतो. २६५/६५ आर१७ चा व्यास साधारण ७७६ मिमी, २८५/७० आर१७ चा साधारण ८३१ मिमी. म्हणजे ७ टक्के वाढ. सगळे गिअर ७ टक्के लांब झाले. आधी तिसऱ्यात चढणारी गाडी आता त्याच वेगाला कमी आरपीएमवर रडत चढते, आणि कमी आरपीएमवर टर्बोकडून जास्तीत जास्त मागणी होते. स्पीडोमीटरवर १०० दिसत असताना गाडी १०७ ला चाललेली असते ते वेगळंच.

कोड उडवू नका, आधी लिहून घ्या

कोडबरोबर ईसीयू फ्रीझ फ्रेम साठवतो: त्या क्षणीचा आरपीएम, वेग, लोड, कूलंटचं तापमान. कोड उडवला की हेही जातं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नेहमी भेटणारे कोड हे:

पी०२९९ – हवेचा दाब मागणीपेक्षा कमी.
पी०२३४ – मागणीपेक्षा जास्त.
पी००४५ – टर्बो कंट्रोलच्या सोलेनॉइडचं (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचं) सर्किट, म्हणजे आधी वायर आणि प्लग बघा.
पी०१०१ – एअर फ्लो सेन्सरचं रीडिंग पटत नाही.
पी००८७ – रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) डिझेलचा दाब कमी.
पी२४६३ – डीपीएफमध्ये (एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरमध्ये) काजळी साचली.

पी०२९९ आणि पी०२३४ दोन्ही एकाच गाडीत दिसत असतील तर होजपेक्षा टर्बोच्या व्हेनवर (एक्झॉस्टचा झोत कमी-जास्त करणाऱ्या हलत्या पात्यांवर) संशय जास्त. त्याबद्दल पुढे.

घाटात डेटा घ्या

यासाठी महागडा स्कॅनर लागत नाही. ओबीडी पोर्टला लागणारं चांगलं ब्लूटूथ अडॅप्टर आणि गाडीच्या मॉडेलचे पॅरामीटर वाचणारं अ‍ॅप पुरतं. एकाच वेळी वीस-पंचवीस आकडे लावू नका. प्रत्येक आकड्यामागे वाचण्याचा वेग कमी होतो आणि नेमका दोषाचा क्षण दोन रीडिंगच्या मध्ये निसटतो. आठ पुरेत: आरपीएम, अ‍ॅक्सिलरेटरची टक्केवारी, मागितलेला दाब, प्रत्यक्ष दाब, एअर फ्लो, व्हेनची स्थिती किंवा सोलेनॉइडची ड्यूटी, रेल प्रेशर आणि इनटेक हवेचं तापमान. गाडी चालवणारा एक, फोन सांभाळणारा दुसरा. घाटात एकट्याने हे करू नका.

निघण्याआधी एक साधी चाचणी. चावी ऑन, इंजिन बंद. आता मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. मुंबई-चिपळूणला साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६-८७. इथेच तो ५-७ ने चुकत असेल तर सेन्सर काजळीने भरला आहे किंवा गेला आहे. काढून इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने हलक्या हाताने धुवा, टोकात टाचणी घालू नका. पुन्हा बसवून रीडिंग बघा. अर्ध्या तासाचं काम, पण याशिवाय पुढचे सगळे आकडे बेभरवशाचे.

स्कॅनरवरचा दाब बहुधा निरपेक्ष (बाहेरच्या हवेचा दाब धरून) असतो हेही लक्षात ठेवा. २३० किलोपास्कल दिसलं म्हणजे टर्बोने भरलेला दाब १३० च्या आसपास. डॅशवर लावलेला वेगळा बूस्ट गेज मात्र फक्त वरचा भाग, म्हणजे टर्बोने भरलेला दाब (बूस्ट) दाखवतो. या दोन आकड्यांची गल्लत करून ‘माझा टर्बो दुप्पट भरतोय’ म्हणून घाबरणारे बरेच आहेत.

आता चढ सुरू झाल्यावर एकाच गिअरमध्ये १,८०० पासून ३,००० आरपीएमपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ओढा आणि नोंद घ्या. आकडे असे वाचायचे:

दाब कमी, पण एअर फ्लो चांगला भरपूर, व्हेन पूर्ण बंदच्या टोकाला टेकलेली आणि मागे काळा धूर – हवा मोजली जातेय पण इंजिनपर्यंत पोचत नाही. टर्बोच्या पुढे गळती आहे.

दाब कमी आणि एअर फ्लोही कमी – हवा आतच कमी येतेय किंवा बाहेर जाऊ शकत नाही. चोंदलेला फिल्टर, आत चपटा होणारा इनटेक होज, उघडा अडकलेला ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), तुंबलेला डीपीएफ किंवा न हलणारी व्हेन.

गिअर बदलताना दाब मागणीच्या वर उसळतो आणि मग पी०२३४ – व्हेन बंद स्थितीत चिकटते.

हवेचा दाब बरोबर, पण रेल प्रेशर मागणीच्या खाली घसरत जातं – प्रश्न डिझेलचा आहे, टर्बोला हात लावू नका.

सगळं बरोबर, इनटेक हवा मात्र ७०-८० अंशांवर – इंजिन उष्णतेमुळे ताकद कमी करतंय.

ही पाच वाक्यं छापून टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवा. अर्धी डोकेदुखी इथेच संपते.

गळती शोधणं

नुसत्या डोळ्यांनी होज तपासून ‘ठीक आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. थंड, रिकामा होज आणि सव्वा बार दाबाने फुगलेला गरम होज या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दाब देऊनच बघावं लागतं.

एअर फ्लो सेन्सरच्या पुढचा, टर्बोच्या तोंडाशी जाणारा पाइप सोडवा. त्या तोंडात बसेल असं अ‍ॅल्युमिनियमचं बूच लेथवाल्याकडून करून घ्या: बाहेरून होजच्या मापाचं, कडेला २ मिमी उंचवटा, मध्ये ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. पीव्हीसीचं एंड कॅप वापरायचा मोह होतो, पण तो हवेच्या दाबाने फुटला तर तुकडे उडतात. अ‍ॅल्युमिनियमच बरं. बूच बसवून दोन क्लॅम्प घट्ट करा. इंजिनच्या ब्रीदरचा (क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारा) पाइप याच बाजूला येत असेल तर तो काढून दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये भरेल आणि ऑइल सील बाहेर ढकलली जातील.

कंप्रेसरला रेग्युलेटर हवाच. आधी ०.३ बार, मग ०.६, शेवटी १ बार. त्यापुढे जाऊ नका. बुचाच्या समोर उभं राहू नका. या काळात कुणी स्टार्टर मारणार नाही म्हणून चावी खिशात ठेवा.

एक लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड घालून स्प्रे बाटलीने प्रत्येक जोड भिजवा. मोठी गळती कानाला कळते, बारीक गळती फेस दाखवते. इंजिनचे काही व्हॉल्व्ह नेहमीच उघडे असतात, त्यामुळे दाब हळूहळू उतरणारच. त्याचा बाऊ करू नका. सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर क्रँक पाव फेरा फिरवून पुन्हा ऐका. आवाज थांबला तर ते व्हॉल्व्ह होते. तसाच राहिला तर ईजीआर बंद होत नाही.

गळती सापडायच्या जागा, सगळ्यात जास्त सापडणारी आधी: इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) गरम बाजूचा खालचा होज, जिथे तो एखाद्या ब्रॅकेटला घासतो. मग क्लॅम्पखालची कड. मग इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि अ‍ॅल्युमिनियमचा गाभा यांच्यातली घडीची जोड. आणि मॅप सेन्सरची ओ-रिंग, जी साफसफाईच्या वेळी फाटते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या खालच्या होजकडे जवळून बघा. बाहेरून धूळ बसलेली असते, पण एका जागी धूळ ओली, काळपट आणि पंख्याच्या आकारात पसरलेली दिसते. तिथे बोट फिरवलं तर रबर गुळगुळीत लागतं आणि होज दोन्ही हातांनी वाकवला की ओठ उघडावेत तशी चीर उघडते. सरळ ठेवला की पुन्हा मिटते. लोड नसलेल्या इंजिनवर ही चीर कधीच दिसणार नाही. घाटात ती प्रत्येक चढाला उघडते.

पाइपात तेलाचा पातळ थर असतो तो ब्रीदरच्या वाफेचा. तो बघून टर्बो गेला असं ठरवू नका. इंटरकूलर काढून उपडा केल्यावर वाटीभर तेल पडलं तर मात्र टर्बोचं सील आणि ब्रीदर दोन्ही तपासा.

होज आणि क्लॅम्प बदलताना

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सविस्तर.

रंगीत सिलिकॉन होज दिसायला देखणा, उष्णतेलाही टिकतो, पण साध्या सिलिकॉनला तेलाची वाफ सोसत नाही. काही महिन्यांत आतून मऊ होतो, तेल झिरपून बाहेरून घाम आल्यासारखा दिसतो आणि दाबाखाली फुगतो. डिझेलच्या बूस्ट पाइपाला आतून फ्लुओरोसिलिकॉनचा थर असलेला होजच घ्यायचा. दुकानदार ‘सगळे सारखेच’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा. कंपनीचा मूळ होज मिळत असेल आणि बूस्टची वाढ माफक असेल तर तोही उत्तम.

नेहमीचा स्क्रूवाला वर्म क्लॅम्प बूस्टच्या पाइपाला चालत नाही. गरम झाल्यावर होज दबतो, थंड झाल्यावर सैल पडतो आणि क्लॅम्पला ते समजत नाही. त्याच्या खाचांतून रबर वर येऊन चिरतं ते वेगळं. टी-बोल्ट क्लॅम्प वापरा, शक्यतो स्प्रिंगवाला, आणि ७ ते ८ न्यूटन-मीटरला घट्ट करा. यापेक्षा जास्त ताणला की होज कापला जातो. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा.

पाइपाच्या टोकाला उंचवटा हवाच. बाजारातले काही अ‍ॅल्युमिनियम पाइप टोकाला सरळसोट असतात. त्यावर कितीही क्लॅम्प लावा, १.३ बारला होज निसटणारच. लेथवाल्याकडून किंवा बीड रोलरवर उंचवटा करून घ्या. होज निदान ३० मिमी आत जायला हवा आणि क्लॅम्प उंचवट्याच्या मागे बसायला हवा, त्याच्यावर नाही.

बसवण्याआधी पाइपाचं तोंड आणि होजची आतली बाजू ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडी करा. होज सरकत नाही म्हणून ग्रीस किंवा ऑइल लावायची सवय मोडा. सरकताना मदत करणारं तेच तेल नंतर होज निसटवतं. फारच अडलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, ते उडून जातं.

आणि इंजिन माउंट. रबर बसलेला असेल तर पूर्ण लोडला इंजिन इतकं वळतं की कितीही चांगला होज ओढला जातो. एकाच जागी दोनदा होज निसटला की माउंट बघा. ब्रेक दाबून, गिअरमध्ये क्लच थोडा सोडून इंजिन किती उचलतं ते दुसऱ्याने बॉनेट उघडून, पण बाजूला उभं राहून बघायचं.

गळती नाही, तरी दाब नाही

टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर शोधा. व्हेन हलवणारा भाग तोच. त्याला रबरी नळी येते की वायरचा प्लग, एवढं आधी ठरवा. हायलक्सच्या २.८ लिटर इंजिनात ते काम विजेची मोटार करते. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या गाड्यांत नळ्या हा कच्चा दुवा.

व्हॅक्यूम पंपापासून सोलेनॉइडपर्यंत आणि सोलेनॉइडपासून अ‍ॅक्च्युएटरपर्यंतची नळी टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपा. इंजिनच्या उष्णतेने ती प्लॅस्टिकसारखी कडक होते आणि टोकाशी सैल पडते. टोक कापून पुन्हा बसवणं ही तात्पुरती मलमपट्टी. पूर्ण नळी बदला, एक-दोन मीटरला फार पैसे लागत नाहीत. आयडलला पंपाचा व्हॅक्यूम पाऱ्याच्या ६०० मिमीच्या वर असायला हवा.

मग हातपंप थेट अ‍ॅक्च्युएटरला लावा. हळूहळू ओढताना दांडी सलग, एका लयीत सरकली पाहिजे. व्हॅक्यूम धरून एक मिनिट थांबा, काटा उतरला तर आतला पडदा फाटला आहे. दांडी अडखळत, झटक्याने जात असेल तर व्हेनवर काजळी बसली आहे. ही चाचणी थंड आणि गरम दोन्ही अवस्थांत करा. काही टर्बो थंडीत सरळ आणि गरम झाल्यावर अडकतात.

काजळीने अडकलेला टर्बो मेलेला नसतो. काढून, नोझल रिंग (व्हेन बसलेली कडी) सोडवून, डिझेलमध्ये भिजवून पितळी ब्रशने साफ केला की चालतो. पण व्हेनच्या थांब्याचा स्क्रू मुळीच फिरवू नका. तो कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून लावलेला असतो, अंदाजाने लावला की कमी दाब आणि जास्त दाब दोन्ही तक्रारी पाठीला लागतात. शाफ्ट तपासताना वर-खाली किंचित हालचाल जाणवते, ती चालते, कारण बेअरिंग तेलावर तरंगतं. आत-बाहेर ढकलून जाणवण्याइतकी हालचाल असेल किंवा पंख्याच्या पात्यांनी घराला ओरखडे काढले असतील तर मात्र टर्बो खरोखर गेला.

परत बसवताना ऑइल पाइपचे तांब्याचे वॉशर नवे, गॅस्केट नवी, टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ इंजिन ऑइल. इंजेक्टरचे प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत क्रँक करा, मग प्लग लावून चालू करा आणि दोन-तीन मिनिटं आयडलवरच ठेवा. कोरड्या बेअरिंगवर पहिल्याच मिनिटाला रेस दिली की सगळी मेहनत वाया.

मॉडिफिकेशननेच आणलेले दोष

तेलाने भिजवलेला कॉटनचा ‘परफॉर्मन्स’ फिल्टर. त्याचं तेल एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं, सेन्सर हवा कमी दाखवतो, इंजिन हळूहळू मंद होतं. सेन्सर फक्त त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेने धुवा, तारेला बोट किंवा कापूस लावू नका, पूर्ण वाळल्यावरच जोडा. आणि कागदी फिल्टरवर परत या. आपल्या धुळीत कॉटन फिल्टर घालण्याचं एकही चांगलं कारण नाही. ताकद तेवढीच मिळते, धूळ जास्त आत जाते.

स्नॉर्कल. फेंडरमधल्या जोडाला सीलंट नीट नसेल तर तो पाणी आणि धूळ दोन्ही ओढतो. फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूला बोट फिरवा. तपकिरी धूळ आली तर आजच काम थांबवा. ती धूळ टर्बोच्या पात्यांच्या कडा खाते आणि सिलिंडरचे लायनर घासते.

स्टीलचा बंपर, विंच, दोन मोठे दिवे. हे सगळं इंटरकूलर आणि रेडिएटरच्या पुढ्यात बसतं. वरून चिखल वाळलेला. चढावर इनटेक हवा बाहेरच्या हवेपेक्षा २०-२५ अंश वर असणं समजण्यासारखं आहे, ४० वर गेली की वाट अडली आहे. कंडेन्सर आणि इंटरकूलरच्या मधली फट टॉर्चने बघा. तिथे गवत आणि चिखलाची गादी बसलेली सापडते. मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळ नेला तर फिन आडव्या पडतात.

ईजीआरला पत्रा लावणं किंवा डीपीएफ काढून टाकणं हा उपाय नाही. गाडी बीएस-६ च्या मानकाबाहेर जाते, ते बेकायदा आहे, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत असे फेरफार करायला बंदी आहे. धूर सोडणारी गाडी घाटात मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर काळं फासते, हे कायदा नसता तरी नकोच होतं. डीपीएफ तुंबत असेल तर तो का तुंबतो ते शोधा: रिमॅपमध्ये डिझेल हवेच्या मानाने जास्त आहे, गाडी फक्त गावात छोट्या फेऱ्या मारते म्हणून रीजनरेशन (साचलेली काजळी जाळून टाकणं) अर्धवट राहतं, किंवा लो-अ‍ॅश सोडून दुसरं ऑइल भरलं आहे. डीपीएफच्या प्रेशर सेन्सरच्या दोन नळ्या फाटल्या किंवा उलट-सुलट लागल्या तरी चुकीचा कोड येतो. त्या आधी बघा.

डिझेलची बाजू

पी००८७ असेल तर आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला डिझेल फिल्टर. रिमॅप गाडीला कंपनीने दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदला. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खालचा नट सैल करून पाणी काचेच्या बाटलीत काढा आणि बघा. फिल्टर ते पंप दरम्यान दोन फूट पारदर्शक डिझेल होज तात्पुरता लावून इंजिन चालवलं की हवा ओढली जातेय का ते बुडबुड्यांवरून लगेच दिसतं. हवा नाही, फिल्टर नवा, तरी लोडवर दाब पडतोय, तर पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह आणि त्यानंतर इंजेक्टरची परतीची गळती. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावून एक मिनिट चालवा. एक बाटली बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त भरली तर तोच इंजेक्टर काढायचा, चारही नाहीत.

रिमॅपकडून काय मागायचं

ट्यूनरला घोडे किती विचारण्याआधी हे विचारा: उंचीनुसार बूस्ट कमी करण्याची मूळ सोय मॅपमध्ये ठेवली आहे का? महाबळेश्वरच्या विरळ हवेत चिपळूणइतकाच दाब भरायचा तर टर्बोला कितीतरी जास्त वेगाने फिरावं लागतं. ही सोय उडवलेला मॅप खालच्या गावात झकास आणि वरच्या वळणांवर टर्बोचा काळ ठरतो. २,००० आरपीएमच्या खाली टॉर्क आवरलेला आहे का? धुराची मर्यादा तशीच आहे का? मूळ फाइलची प्रत मिळणार का? चारपैकी एकालाही उडवाउडवीचं उत्तर मिळालं तर तिथे गाडी सोडू नका.

जड सामान नेणाऱ्याने टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये तापमानाचा प्रोब जरूर बसवावा. भोक पाडताना लोखंडाचे कण टर्बोत जाऊ नयेत म्हणून मॅनिफोल्ड काढूनच पाडा. सलग चढावर ७०० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा, ७५० दिसलं की पाय उचला आणि खालचा गिअर घ्या. आरपीएम वाढला की हवा वाढते आणि तापमान उतरतं.

दुरुस्ती झाली की कोड आता उडवा आणि त्याच घाटात, तेवढंच सामान घेऊन, त्याच गिअरमध्ये पुन्हा डेटा घ्या. मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब ५-१० किलोपास्कलच्या आत जोडीने चढले, व्हेन टोकाला टेकत नाही आणि धूर दिसत नाही, तर काम झालं. दाब बरोबर असून व्हेन अजूनही जवळपास पूर्ण बंद असेल तर कुठेतरी बारीक गळती शिल्लक आहे आणि टर्बो जास्त फिरून ती भरून काढतोय. दिवा आज लागणार नाही, पण साबणाचं पाणी पुन्हा काढा.

मदत मागताना गाडीचं मॉडेल आणि साल, टायरचं माप, रिमॅप आहे की नाही, फ्रीझ फ्रेमचा फोटो आणि चढावरची तीस सेकंदांची नोंद एवढं द्या. ‘घाटात ओढत नाही’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.